बनियनचं (पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी बाहेर आलेल्या हाडाचं) ऑपरेशन केलंय का कुणी?

सांगलीची लेक: आईचा उजवा अंगठा पार शेजारच्या बोटावर चढलाय, बाजूचं हाड लाल होऊन ठणकतं, चप्पल कापून घालते बिचारी. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात. नुसतं वाढलेलं हाड घासतात का? किती दिवस घरात बसावं लागतं? रोज गणपती पेठेत चालत जाणारी बाई आहे हो.

विश्रामबागकर: नुसतं घासून भागत नाही ताई, बहुतेक वेळा हाड कापून सरळ करतात आन् स्क्रू बसवतात. माझं झालंय. पहिले 2 आठवडे पाय उशांवर उंच, खाली सोडला की असा ठणका लागायचा की डोळ्यात पाणी. मग टाके काढले, कडक तळाचा बूट 6 आठवडे, तोवर गाडी बंद. सूज मात्र 5-6 महिने रेंगाळली, संध्याकाळी जास्तच, घाबरू नका.

मिरजवाली: शुगर असेल तर आधी कंट्रोलमध्ये आणा, जखम चिघळते. पोटरी सुजून दुखली किंवा दम लागला तर वाट न बघता दवाखाना गाठा. घरात कमोड आहे ना?

सांगलीची लेक: शुगर आहे तिला, उद्याच तपासते. कमोड नाही, खुर्चीवाला आणते.