आपली गाणी 'जुनी' कधी झाली?

गणपतीत सोसायटीत 'जुन्या गाण्यांचा' कार्यक्रम होता. तलत, हेमंतकुमार ऐकायच्या तयारीनं बसलो, तर निवेदिकेनं सुरुवातच कुमार सानूपासून केली. शेजारचे काका कोपरखळी मारून म्हणाले, "आता तुमचा नंबर!" घरी येऊन हिशोब मांडला. 'आशिकी' 1990 चा. त्या वर्षी बाबांनी 'श्री 420' ची कॅसेट लावली की मी कपाळावर हात मारायचो, आणि तो सिनेमा 1955 चा. म्हणजे तेव्हा जेमतेम 35 वर्षांचा. आता 'आशिकी'चीही पस्तिशी उलटली.

तुम्हाला हे कुठे कळलं? येऊ द्या.

—

माळा आवरताना माझी कॅसेट सापडली. तेव्हा गाण्यांची चिठ्ठी दुकानात दिली की तो कोरी कॅसेट भरून द्यायचा, 60 नाहीतर 90 मिनिटांची. साइड संपताना शेवटचं गाणं हमखास अर्ध्यात तुटायचं. फीत सैल झाली होती, म्हणून भोकात पेन्सिल घालून गुंडाळत बसले. लेक बघतच राहिली. "आई, याला चार्जिंग लागतं का?" टेप अजून चालतो, आवाज थोडा घोगरा येतो इतकंच. गाणं दुसऱ्या कडव्यात, ठरल्या जागी, खट्‌कन तुटलं. खरं सांगू? ते गाणं मोबाइलवर पूर्ण ऐकतानाही त्या जागी मी अजून थबकते. पुढचे शब्द मला आजही पाठ नाहीत.

—

रिक्षात 'गारवा' लागलं होतं. बाहेर पाऊस, मी गुणगुणायला लागलो. रिक्षावाला पोरगा आरशात बघून म्हणाला, "काका, माझ्या पप्पांचं पण फेवरेट आहे." घर येईपर्यंत तोंड उघडलं नाही.

—

मला उलट मजा वाटते. 'रोजा' आला तेव्हा (1992) मामा म्हणायचे, हा नुसता कीबोर्डचा गोंगाट, दोन वर्षांत विसराल. परवा तेच मामा नातवाला सुनावत होते, "रहमानसारखं आता कोण करतं रे?" नातवानं कानातले इअरफोनही काढले नाहीत. मला मात्र आता रॅपला नावं ठेवण्याआधी जीभ चावावी लागते.

—

दाताच्या दवाखान्यात. ज्या गाण्यावर आम्ही गॅदरिंगला स्टेज हलवला होता तेच गाणं, मंद आवाजात, बासरीवर.

—

धागाकर्ता: बासरीवर?! मग माझं काहीच नाही.