काळ्या मोहऱ्यांनी बचाव कुठला शिकू? सासरे रोज हरवतायत

सिडकोची_डबेवाली

नमस्कार मंडळी. काळ्या मोहऱ्या म्हणजे फोडणीच्या नाहीत, पटावरच्या. फोडणी मला येते.

मी बुद्धिबळ कुठल्या क्लासला शिकलेले नाही. सिन्नरला आजोबांनी ओट्यावर बसवून शिकवलं, तेही देशी. त्यात प्यादं पहिल्या चालीलासुद्धा एकच घर सरकायचं, आणि राजाला तोवर शह बसला नसेल तर एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी मारता यायची. कॅसलिंग (एकाच चालीत राजा दोन घरं हत्तीकडे आणि हत्ती त्याच्या पलीकडे) हा शब्द मी लग्न होऊन नाशिकला आल्यावर ऐकला.

सकाळी माझे बावीस डबे अंबडच्या एमआयडीसीत जातात. रात्री साडेनऊला ओटा पुसून हात कोरडे करते तोवर सासऱ्यांनी पट मांडलेला असतो. अण्णा नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले. कॉलनीत तीस वर्षं दुपारच्या सुट्टीत खेळले आहेत. पांढऱ्या कायम त्यांच्याच. "मोठ्यांच्या पांढऱ्या" हे आमच्या घरात जणू घटनेत लिहिलंय. काळ्यांतलं एक प्यादं मुलाने लहानपणी हरवलं, त्याच्या जागी कुकरची जुनी शिट्टी उभी असते.

आता दुखणं सांगते. (अक्षर म्हणजे पटाची उभी ओळ, पांढऱ्यांच्या डावीकडून ए ते एच; आकडा म्हणजे आडवी ओळ, पांढऱ्यांकडून मोजलेली. नुसतं घर लिहिलं असेल तर चाल प्याद्याची.) अण्णा ई४, मी ई५. ते घोडा एफ३, मी घोडा सी६. त्यांचा उंट सी४ ला, माझा दुसरा घोडा एफ६ ला. इथवर सगळं गोडीत. मग ते घोडा जी५ ला आणतात. उंट आणि घोडा दोघांचे डोळे एफ७ वरच्या प्याद्यावर. मी डी५ करून उंटाची वाट अडवते, ते प्याद्याने मारतात, मी घोड्याने परत मारते, आणि त्यांचा घोडा धाडकन एफ७ वर पडतो. राजाने खाल्ला की वजीर एफ३ वरून शह, आणि डी५ चा घोडा राखायचा तर राजा ई६ वर, भर चौकात. अण्णा चष्म्यावरून बघत म्हणतात, "सूनबाई, राजांना स्वेटर द्या. बाहेर गार आहे."

कंटाळून मी कासव झाले. ई६, डी६, जी६, बी६, सगळी प्यादी एकेक घर, आजोबांच्या पद्धतीने. पंधरा चाली काही होत नाही, मग हलायलाच जागा उरत नाही. उंट तर दिवाळीच्या डब्यासारखा मागच्या फळीवर पडून राहतो.

मुलगा दहावीला आहे, तो म्हणाला "सिसिलियन शिक", म्हणजे ई४ ला सी५ ने उत्तर द्यायचा बचाव. व्हिडिओ लावला. अर्ध्या तासात त्या माणसाने इतके फाटे फोडले की माझी कणीक वाळली.

मला एकच बचाव हवाय. मजबूत, पाठांतर कमी. रोज अर्धा तास मिळतो, त्यातही मधे दूध उतू जातं. काय शिकू?

नाशिकरोड_लोकल

ताई, एफ७ चं औषध आधी घ्या, कारण ते आज रात्रीच लागेल. अण्णांनी डी५ वर प्याद्याने मारलं की घोड्याने परत मारू नका. सी६ चा घोडा ए५ ला न्या, उंटाच्या अंगावर. एक प्यादं जातं, पण पळापळ आता त्यांची सुरू होते. जाणकार लोक शंभर वर्षांहून जास्त काळ हेच करत आलेत.

आता तुमच्या कासवाबद्दल. मीही रविवारी पोरांना शिकवतो आणि हे नेहमी बघतो. देशी डावात दोन्हीकडची प्यादी मुंगीच्या चालीने यायची, त्यामुळे घर बांधायला उसंत होती. इथे पांढऱ्याचं प्यादं पहिल्याच चालीला ई४ वर येऊन बसतं. तुम्ही मागे भिंत बांधत बसलात तर अख्खं अंगण त्याचं. म्हणून मधल्या चार घरांत तुमचं एक तरी प्यादं हवं, आणि त्याच्या पाठीशी दुसरं.

माझं मत कॅरो-कान. होरेशियो कॅरो आणि मार्कस कान या दोघांनी १८८६ साली याचं विश्लेषण छापलं, त्यावरून हे नाव. बोटविनिक, पेट्रोसियन, कारपॉव्ह असे जगज्जेते हे खेळले आहेत, तेव्हा हा घाबरटांचा बचाव असं अण्णा म्हणाले तर मनावर घेऊ नका.

चाल साधी. त्यांचं ई४, तुमचं सी६. त्यांचं डी४, तुमचं डी५. सी६ का, तर डी५ वर मारामारी झाली की त्याच प्याद्याने परत मारता यावं म्हणून. मग ई६ का नाही? तोही बचाव आहे, फ्रेंच म्हणतात, चांगला आहे. पण ई६ केलं की सी८ चा उंट आपल्याच प्याद्यामागे कोंडला जातो. तुमचा फळीवरचा डबा तोच! सी६ मध्ये ते दार उघडं राहतं. आधी उंट बाहेर, मग ई६. हा क्रम चुकला की सगळं मुसळ केरात.

पुढे बहुधा असं होईल: त्यांचा घोडा सी३, तुम्ही डी५ च्या प्याद्याने ई४ वर मारा, ते घोड्याने परत मारतील, तुमचा उंट एफ५ ला, घोड्याच्या अंगावर. घोडा जी३ ला येऊन उंटाला हाकलतो, उंट जी६ ला. मग ते एच४ करतात. इथे जागं राहा. पुढच्या चालीला एच५ आलं की उंट सापडला. म्हणून तुम्ही एच६, म्हणजे त्याला एच७ ला पळायला घर. मग घोडे डी७ आणि एफ६ ला, प्यादं ई६ ला, कॅसलिंग, झालं.

एक खड्डा सांगून ठेवतो, मी स्वतः पडलोय. ई४ वर त्यांचा घोडा बसलेला असताना काही जण उंटाऐवजी घोडा डी७ ला काढतात. तेही चालतं. पण समोरचा गुपचूप वजीर ई२ ला ठेवतो. तेव्हा दुसरा घोडा एफ६ ला काढलात की त्यांचा घोडा डी६ वर येतो आणि मात. ई७ च्या प्याद्याला मारता येत नाही, ते सरकलं तर वजिराची नजर थेट राजावर. सहाव्या चालीला खेळ खलास. त्या दिवशी मी मिसळ अर्धी टाकून उठलो होतो.

वजीर_वाचवा

काकू, माझं मत वेगळं आहे. इतक्यात ई५ सोडू नका. ई५ खेळताना मधली घरं, घोडे-उंट बाहेर काढणं, कॅसलिंग हे सगळं अंगवळणी पडतं. कॅरो-कान पाठ केला आणि अण्णांनी पाचव्या चालीला वाकडी वाट धरली तर काय करणार?

घोडा जी५ चीच भीती असेल तर त्यांचा उंट सी४ ला आल्यावर घोडा एफ६ ऐवजी उंट ई७ करा. हंगेरियन म्हणतात त्याला. दिसायला मवाळ आहे, पण जी५ वर आता उंटाचा पहारा, आणि उंटाच्या मागे वजीर. घोडा आला तर फुकट खा. मग घोडा एफ६, कॅसलिंग.

आणि आपल्या नाशिकच्या विदित गुजराथीने २०२४ मध्ये टोरांटोच्या कँडिडेट्समध्ये (जगज्जेत्याला आव्हान कोण देणार ते ठरवणारी स्पर्धा) दुसऱ्याच फेरीत अमेरिकेच्या नाकामुराला हरवलं, ते काळ्या मोहऱ्यांनीच. सुरुवात ई४ ई५. ग्रँडमास्टरचा डाव आपल्याला कळतो असं नाही, पण मी तो तीनदा लावून बघितला, फक्त काळ्याची मोहरी कुठे कुठे बसतात ते पाहायला.

नाशिकरोड_लोकल

उंट ई७ चूक नाही, हे मान्य. पण काकूंना जागा नसण्याचाच त्रास आहे, आणि त्यात पुन्हा दाटीच होते. दोन्ही खेळून बघा ताई, पायाला बसेल ती चप्पल.

चहाचाकप

अण्णांना एक दिवस काळ्या घ्यायला लावा. त्यांना स्वतःला घोडा जी५ चं उत्तर येतं का ते तरी कळेल.

सिडकोची_डबेवाली

सगळ्यांचे आभार. आठ दिवसांचा हिशोब देते.

पहिल्या रात्री सी६ केलं. योगायोगाने सी७ वर शिट्टीच उभी होती, तीच उचलून पुढे ठेवली. अण्णांनी चष्मा काढून धोतराला पुसला. "हे काय?" म्हटलं, बचाव. तर म्हणे, "कशापासून? मी अजून काही केलंच नाहीये." पुढचं सगळं तुम्ही लिहिलंय तसंच झालं, उंट जी६ पर्यंत. त्यांनी एच४ केलं आणि मला वाटलं, ते काठावरचं प्यादं काय करणार? घाईत घोडा डी७ ला काढला. एच५. उंट कुठेही नेला तरी कोणीतरी खायला बसलेलं. एफ५ ला घोडा, ई४ लाही तोच, डी३ ला उंट, सी२ ला वजीर. मी प्रत्येक घरावर बोट ठेवून बघत होते आणि अण्णा शांतपणे सुपारी कातरत होते.

आता फ्रीजवर चिठ्ठी लावली आहे: एच४ आलं की एच६. मुलाच्या मित्राला वाटलं वायफायचा पासवर्ड आहे.

नंतर तीन रात्री हरलेच, पण चाळिशीच्या पुढच्या चालींत, हत्ती आणि प्यादी उरल्यावर. राजा जागेवर. स्वेटरचा विषय निघाला नाही.

पाचव्या रात्री अण्णांनी तिसऱ्या चालीला ई५ पुढे ढकललं. हे कोणी सांगितलंच नव्हतं! पण आधी उंट बाहेर, मग ई६, एवढं डोक्यात होतं, तेच केलं. थोड्या वेळाने सी५ करून डी४ च्या प्याद्याला धक्का दिला. तेव्हा ते पहिल्यांदा मला म्हणाले, "थांब, विचार करू दे." त्यात माझं दूध उतू गेलं. शेवटी दोघांचे राजे आणि एकेक प्यादं समोरासमोर अडकलं. बरोबरी. आठ वर्षांत पहिली.

वजीर_वाचवा, तुमचा उंट ई७ दोनदा खेळले. जी५ ला घोडा आला नाही हे खरं, पण मला तिथे पुढे काय करायचं ते सुचत नाही. सध्या शिट्टीच बरी.

काल मात्र त्यांनी ई४ सोडून डी४ने सुरुवात केली. आता?

नाशिकरोड_लोकल

अभिनंदन! तिसऱ्या चालीच्या ई५ वर तुम्ही केलंत ते अगदी बरोबर.

डी४ ला डी५. मग त्यांनी सी४ केलं तर पुन्हा तुमची शिट्टी सी६ ला. याला स्लाव म्हणतात. डी५ ला आधार तोच, उंटाचं दारही तसंच उघडं. फक्त इथे दार उघडं दिसलं म्हणून लगेच पळू नका. उंट लवकर गेला की मागचं बी७ उघडं पडतं आणि त्यांचा वजीर बी३ वर येऊन तिथे टपतो. आधी घोडा एफ६ ला काढा. बाकी अण्णा दाखवतीलच.

सिडकोची_डबेवाली

बरं. चहाचाकप यांचा निरोप मी जेवताना अण्णांना वाचून दाखवला. दोन घास गप्प होते, मग म्हणाले, रविवारी काळ्या मी घेतो, आण ती शिट्टी इकडे.

आता पांढऱ्यांनी काय खेळायचं ते कोण सांगतंय? रविवारला दोनच रात्री आहेत, आणि शनिवारी माझ्याकडे चाळीस पुरणपोळ्यांची ऑर्डर आहे.