प्रार्थनाविषय की बोभाटा?

ऐरोलीचा_टेनर
सर्वांना प्रभूमध्ये सलाम. दोन आठवडे मनात घोळतंय, म्हणून धागा काढतोय.

आमचा तरुण संघ ऐरोलीत एका शाळेच्या भाड्याच्या वर्गात भरतो. वीस-बावीस जण. उपासना सकाळी, संगत आणि प्रॅक्टिस दुपारी तीनला. त्या रविवारी शेवटची प्रार्थना संघाच्या दादांनी केली: "प्रभू, ज्या भावाच्या हाती तू वाद्य दिलंस, तो जगाच्या मागे लागून तुझ्या घरी उशिरा येतोय. त्याला जागं कर." आमच्याकडे वाद्य म्हणजे एक कीबोर्ड, आणि तो वाजवणारा एकच पोरगा. वर्गातल्या प्रत्येकाने एकेक डोळा उघडून बघितलं. मीही बघितलं, खोटं कशाला बोलू. आमेन झाल्यावर त्याने वायर गुंडाळली, कव्हरची चेन शेवटपर्यंत लावली आणि गेला. तेव्हापासून आलेला नाही.

बायबलमधलं मत्तय १८:१५ आपल्याला पाठ आहे. भाऊ चुकला तर आधी एकट्याने जा, दोघंच असताना सांग. नाही ऐकलं तर एकदोघांना घेऊन जा. मंडळीपुढे, म्हणजे अख्ख्या चर्चपुढे, न्यायचं ते त्यानंतर. आम्ही शेवटची पायरी आधी चढतो आणि तिला प्रार्थनाविषय म्हणतो. देवाकडे तोंड करून माणसाला टोमणा. बरं, त्याला उत्तर द्यायचीही सोय नाही, प्रार्थनेत मध्ये कोण बोलणार?

सानपाड्याची_मावशी
बाळा, तुझं दुःख कळतं, पण दुसरी बाजू ऐक. अकरा वर्षं संडे स्कूल बघते. एकांतात सांगून सांगून घसा बसलाय. "हो मावशी" म्हणतात आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच. जो सगळ्यांपुढे उभा राहून उपासना चालवतो, त्याचं वागणं खाजगी नसतं. लहान पोरं त्याच्याकडे बघून शिकतात.

आणि मत्तय वाचतोस तसा गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्यायही वाच. अंत्युखिया शहरात प्रेषित पेत्र आधी परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंगतीला बसायचा, यरुशलेमहून माणसं आली तसा बाजूला झाला. त्याचं बघून सोबतीचा बर्णबासुद्धा. पौलाने त्याला कोपऱ्यात नेलं नाही, सगळ्यांदेखत विचारलं. चूक चारचौघांत, तर बोलणंही चारचौघांत.

आणखी एक. आमच्या जुन्या संगतीत हिशेबाचा घोळ झाला होता. तोही "प्रेमाने, एकांतात" मिटवत राहिले, वर्षानुवर्षं. ज्याने विचारलं त्यालाच कडवट ठरवलं. एकांत नेहमी प्रेमाचाच असतो असं नाही रे.

ऐरोलीचा_टेनर
मावशी, हिशेबाचं शंभर टक्के मान्य. पण पेत्र कोण होता? मंडळीचा खांब. १ तीमथ्य ५:२० मध्ये सर्वांसमोर दोष दाखवा म्हटलंय ते वडिलांबद्दल, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांबद्दल, आणि त्याच्या आधीच्याच ओवीत दोन-तीन साक्षीदारांशिवाय आरोप घेऊ नका असंही आहे. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. वडिलांची चूक बंद खोलीत आणि बावीस वर्षांच्या पोराची चूक माइकवर. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे!

घणसोली_१९७०
पालखीसारखं मिरवायचं का आता या पोरांना? आमच्या वेळी पाळकसाहेब भर उपासनेत नाव घेऊन उठवायचे. कोणी रुसून घरी बसलं नाही.

कोपरखैरणेकर
बसले की काका. त्यांची नावं आज कोणाला आठवत नाहीत एवढंच.

चेंदणीकर
माझं आजोळ चेंदणी कोळीवाड्यातलं, म्हणून हे लक्षात राहिलं. गलतीकरांस ६:१ मध्ये चुकलेल्याला सौम्यपणे पूर्ववत करा असं जे आहे, तिथला मूळ ग्रीक शब्द आणि मत्तय ४:२१ मध्ये याकोब-योहान होडीत बसून जाळी नीट करत होते तिथला शब्द, क्रियापद एकच आहे. जाळं नीट करताना बघितलंय का कोणी? मामा पायाच्या अंगठ्यात जाळं ताणून धरायचा, त्याचं फाटकं घर बोटाने चाचपायचा, कडेचे लोंबते धागे कापायचा आणि मग एकेक गाठ. फाटलं म्हणून जाळ्यावर ओरडताना मी त्याला कधी ऐकलं नाही. ओरडायचा आमच्यावर, आम्ही त्याच्या उजेडात उभे राहिलो की.

कळवा_ते_ठाणे
मला एकदा बोलणं बसलंय, चांगलं बसलंय. मी गाण्यात पुढे असायचे. आमच्या ताई मला मामलेदारच्या मिसळीला घेऊन गेल्या. अर्धी मिसळ संपेपर्यंत नोकरी, आईचा गुडघा, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "तू गातेस तेव्हा बाकीचे गायचं थांबतात. तुझा आवाज ऐकायला थांबतात की तू त्यांना जागा देत नाहीस, हे तूच बघ." डोळ्यांत पाणी आलं. रश्शाचं की बोलण्याचं ते आजपर्यंत नक्की नाही. महिनाभर त्यांच्याशी नीट बोलले नाही. पण त्यांनी ते दुसऱ्या कोणालाही सांगितलं नव्हतं, हे नंतर कळलं. त्या एका गोष्टीमुळे मी टिकले.

मावशी म्हणतात तेही खरंय, एवढा वेळ प्रत्येकासाठी कोणाकडे असतो?

वाशी_सेक्टर_१७
थोडं अवांतर. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला झाला. तिथल्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या आत्मिक आई, प्रेम खरंच होतं. पण दोघींची पत्रं वाचली तर दिसतं, जेराल्डीनबाई सुधारणार तरी काय काय? रमाबाईंचं मांस न खाणंसुद्धा अहंकारात जमा झालं. क्रॉसवर लॅटिन अक्षरं असली तर चालतात, मग संस्कृत का नको, असं रमाबाईंनी उलट विचारलं. आपण कान धरतो तो पापासाठी की आपल्या सवयीसाठी, हे आधी तपासायला नको? "उशिरा येतो" यातलं पाप नक्की कुठलं?

ऐरोलीचा_टेनर
हाच प्रश्न घेऊन काल त्याच्या घरी गेलो. आईने दार उघडलं, तो झोपलेला. दोन महिन्यांपासून नाइट शिफ्ट आहे, शनिवारची रात्र संपवून सकाळी सातला घरी येतो. उपासनेला तसाच यायचा. मग दोन तास डोळा लागायचा आणि तीनच्या प्रॅक्टिसला उशीर व्हायचा. त्यात रविवार म्हटलं की ट्रान्सहार्बरचा मेगाब्लॉक. जगाच्या मागे नव्हता लागलेला, बसच्या मागे लागलेला.

सानपाड्याची_मावशी
अरे देवा. हे आम्हाला कोणालाच माहीत नसावं?

चुकलंच. कोणीतरी विचारायला हवं होतं, त्यानेही सांगायला हवं होतं. तरी एक विचारते, राग मानू नकोस. तू दादांशी दोघंच असताना बोललास का? की आधी हा धागा काढलास?

घणसोली_१९७०
आता बोला.

ऐरोलीचा_टेनर
नाही बोललो, मावशी. नाव घेतलं नाही म्हणून चालेल असं वाटलं. दादांनीही नाव घेतलं नव्हतं.

प्रॅक्टिसनंतर ते ठाण्याच्या लोकलने घरी जातात. आज मीही त्याच डब्यात चढतो. ऐरोली ते ठाणे, मध्ये फक्त दिघा. वेळ कमी पडेल, चहाला उतरवावं लागेल.