‘एफईओएफ’वर फिरणारा लूप शिकवणं थांबवा

शून्यनिर्देशक: काल इथे ‘परीक्षेसाठी फाइल हँडलिंगचे तयार प्रोग्रॅम’ ही पोस्ट आली. त्यातल्या सी भाषेच्या कोडात लूपची अट ‘एफईओएफ (फाइल संपली का सांगणारं फंक्शन) खोटं असेपर्यंत’ आणि आत एफगेट्स (एक ओळ वाचणारं फंक्शन). हे चूक आहे. वाचताना फाइलच्या शेवटापलीकडे जायचा प्रयत्न झाला, की मगच एफईओएफ खरं होतं. तीन नावांची फाइल घ्या, प्रत्येक ओळीशेवटी एंटर. तिसरी ओळ वाचून झाली तरी एफईओएफ खोटंच. चौथ्यांदा एफगेट्स नल (‘काही मिळालं नाही’ सांगणारी किंमत) देतं, बफरला (वाचलेली ओळ ठेवायची जागा) हात लावत नाही, आणि प्रिंटएफ तिसरं नाव पुन्हा छापतं. अट एफगेट्सच्या उत्तरावर लावा. फाइल संपली की वाचताना एरर आली, हे लूपनंतर एफईओएफ आणि एफएररला विचारा.

शिवाय त्यात रिअलॉकचं (घेतलेल्या मेमरीचा आकार बदलणारं फंक्शन) उत्तर थेट जुन्याच पॉइंटरमध्ये (मेमरीचा पत्ता ठेवणारं व्हेरिएबल) टाकलंय. नल आलं की जुना पत्ता गेला, ती मेमरी आता फ्री कशी करणार? आधी वेगळ्या पॉइंटरमध्ये घ्या, तपासा, मग नेमा.

टर्बोनिळा: ती पोस्ट माझी. माझ्याकडे तीनच नावं छापली जातात. आणि तुमच्या मागच्या कोडात मॅलॉकला (मेमरी मागणारं फंक्शन) कास्ट (उत्तराचा टाइप बदलून घेणं) नव्हता, माझ्याकडे तो कंपाइलच झाला नाही. आधी ते बघा.

शून्यनिर्देशक: तुम्ही नोटपॅडमध्ये शेवटच्या ओळीनंतर एंटर दाबलेलं नसणार. मग तिसऱ्या वाचनातच फाइल संपते आणि चूक झाकली जाते. तीच फाइल व्हिममधून सेव्ह करा, चौथी ओळ दिसेल. आणि कास्टचं म्हणाल, तर तुमची फाइल ‘.सीपीपी’ नावाची आहे. तुम्ही सी नाही, सी++ कंपाइल करताय, तिथं कास्ट लागतोच.

टर्बोनिळा: पोरांच्या लॅबमध्ये जे आहे तेच शिकवणार ना! कास्टनं बिघडतं काय?

शून्यनिर्देशक: हेडर (फंक्शनची ओळख देणारी फाइल) विसरलात तर जुन्या सी८९ मध्ये (सीचं १९८९ चं मानक) मॅलॉक इंट (पूर्णांक) देतो असं धरलं जायचं, आणि कास्टमुळे वॉर्निंगही गिळली जायची. जुन्या टर्बो सी कंपाइलरच्या स्मॉल मॉडेलमध्ये (छोट्या प्रोग्रॅमची मेमरी-मांडणी) इंट आणि पॉइंटर दोन्ही २ बाइट, म्हणून खपायचं. ६४ बिटवर पॉइंटर ८ बाइट, इंट ४. अर्धा पत्ता कापला जातो.

टर्बोनिळा: तो नियम सी९९ नं (१९९९ चं मानक) काढला, जीसीसी १४ कंपाइलर तर सरळ एरर देतो. मग धोका उरला कुठे? उलट डबलचा (दशांश संख्येचा टाइप) कास्ट इंटच्या पॉइंटरला दिला तर कंपाइलर तिथंच अडवतो. तुमच्या पद्धतीत इंटच्या पॉइंटरला साइझऑफ (टाइपचं बाइटमधलं माप) डबल लिहिलं तरी कोण बोलणार?

शून्यनिर्देशक: म्हणूनच साइझऑफमध्ये टाइप लिहूच नये, ‘स्टार पी’ (पी या पॉइंटरच्या पत्त्यावरची वस्तू) लिहावं. पुढे टाइप बदलला तरी माप आपोआप बदलतं. बाकी नव्या कंपाइलरवर कास्टचा तो धोका उरला नाही, एवढं मान्य.

बायनरीमोड: कास्टवर किती भांडाल? त्या पोस्टमध्ये एफगेटसीचं (एक बाइट वाचणारं फंक्शन) उत्तर कॅर (एका बाइटचा टाइप) व्हेरिएबलमध्ये घेतलंय, ते कुणालाच दिसलं नाही? कॅर साइन्ड (ऋण किंमतही घेणारा) असेल तर २५५ हा बाइट आला की तो -१ होतो आणि ईओएफ (फाइल संपल्याची खूण, बहुधा -१) समजून लूप मध्येच तुटतो. एआरएम लिनक्सवर कॅर अनसाइन्ड, तिथं लूप थांबतच नाही. इंट घ्या. आणि विंडोजवर इमेज नुसत्या ‘आर’नं (टेक्स्ट मोड) उघडू नका. टेक्स्ट मोडमध्ये २६ हा बाइट दिसला की फाइल तिथंच संपली असं धरतात. ‘आरबी’ (बायनरी मोड) लिहा.

टर्बोनिळा: शेवटी एंटर देऊन पाहिलं. तिसरं नाव दोनदा आलं. लूप, रिअलॉक आणि एफगेटसीचा इंट बदलतो. कास्ट काढणार नाही.