कोकणात पग: ‘लाड करा की झालं’ म्हणणाऱ्यांना उत्तर

दापोलीकर: काल इथे कुणी लिहिलं, “पगला अंगण नको, फिरवणं नको, लाड करा की झालं.” डोकंच फिरलं. कुत्रा धापा टाकतो, जिभेवरचा ओलावा उडतो, तेव्हा अंग निवतं. पगचं नाक चेपलेलं, नाकपुड्या चिंचोळ्या. त्यात मे महिन्यात आपली हवाच ओलीचिंब, ओलावा उडणार कुठे? आमची चिंगी सकाळी दहाला वाडीच्या टोकापर्यंत चालली आणि कोसळली. जीभ जांभळी, ताप १०७ च्या वर. आधी पाण्याने भिजवून मग डॉक्टरांकडे न्यायला हवं होतं, हे मला नंतर कळलं. गेली.

वेंगुर्ल्याची सून: चिंगीचं फार वाईट वाटलं. पण दोष जातीला का? आमचा गुंड्या सात वर्षांचा आहे. उजाडायच्या आत फिरवते, पट्टा मानेला नाही, छातीला. तोंडावरच्या सुरकुत्या रोज पुसून कोरड्या करते. पावसाळ्यात एक दिवस चुकला तरी लाल होतात. माणसं आळशी असतात.

कुडाळकर: आळशी कोण, ते गणपतीत बघा. २००३ च्या हच मोबाईल कंपनीच्या, पग असलेल्या जाहिरातीपासून पगचं वेड लागलं. चाकरमानी एसीतला कुत्रा आणतात, पडवीत बांधतात नाहीतर गाडीत कोंडून देवळात जातात. आमच्या दारात काच खाली करायला लावली मी!

लालबागचा भाचा: प्रत्येक वेळी चाकरमानीच! गावी मामाकडे पगला बांगड्याचं सार-भात. चौदा किलोचा झालाय, आठच्या आत हवा. झोपेत श्वास अडकतो त्याचा.

कुडाळकर: सार-भातावर आमची कुत्री पिढ्यान्‌पिढ्या जगली.

वेंगुर्ल्याची सून: गावठी जगली, भाऊ. ती दिवसभर हिंडतात. सारात कांदा असेल तर कुत्र्याला विषच. इथे मी भाच्याच्या बाजूने.

कुडाळकर: बरं, साराचं मान्य. गाडीचं मागे घेणार नाही.

दापोलीकर: भातावर काय भांडताय? विकत घ्यावा का, हा प्रश्न आहे. नेदरलँड्समध्ये फार आखूड नाकाच्या कुत्र्यांच्या पैदाशीवरच बंधन आहे. सूनबाई, भर दुपारी लाईट गेली तर काय करता?

वेंगुर्ल्याची सून: न्हाणीच्या लादीवर ओला पंचा घालून निजवते, शेजारी बसून वारा घालते. दोन-दोन तास. ज्याला हे जमणार नाही त्याने आणू नये, एवढं मान्य. गुंड्यानंतर मीही गावठीच आणीन. पण तो आहे तोवर त्याला कुणी चूक म्हणायचं नाही.