गोळ्या-चॉकलेटांची शोभेची झाडे : कोल्हापूरकरांचे अनुभव

गेली सहा वर्षे मी शिवाजी पेठेत राहून गोळ्या-चॉकलेटांची शोभेची झाडे करते आहे, म्हणजे कुंडीत रोवलेल्या काठीच्या टोकाला गोळा बसवून त्यावर गोळ्या-चॉकलेटे लावलेली झाडे. आधी भाच्याच्या बोरन्हाणासाठी एक केले, मग शेजारच्या मुलीच्या रुखवतासाठी दुसरे, आणि त्यानंतर लोक विचारू लागले म्हणून विकण्यासाठी. या काळात एक गोष्ट मला पक्की कळली. झाड पाहणाऱ्याचे लक्ष गोळ्यांकडे जाते, पण झाड टिकते ते न दिसणाऱ्या भागांवर, म्हणजे कुंडीतले वजन, आतला गोळा आणि आपल्याकडची हवा यांवर. म्हणून या धाग्यात नुसते 'छान झाले' असे न लिहिता काय फसले, का फसले आणि पुढे काय बदलले, हे लिहावे, अशी सर्वांना विनंती आहे.

सुरुवात माझ्यापासून करते. पहिल्या झाडाला खोड म्हणून मी उसाचे कांडे वापरले. कोल्हापूरचे झाड आहे, तेव्हा त्याला उसाचेच खोड शोभेल, असे मला मनापासून वाटले होते. बोरन्हाणाच्या आदल्या दिवशी सकाळी खोडावर गुंडाळलेली कापडाची पट्टी सोडून पाहिली, तर कांड्याच्या कापलेल्या तोंडाला आंबूस वास येत होता आणि कुंडीपासून गोळ्यांपर्यंत मुंग्यांची रांग लागली होती. सगळ्या गोळ्या काढून वेगळ्या डब्यात भरल्या, खोड बदलून वाळलेल्या वेळूची काठी लावली आणि रात्री दीडपर्यंत जागून झाड पुन्हा बांधले. तेव्हापासून झाड तयार झाले की कुंडी पाण्याच्या परातीत ठेवते आणि परातीतले पाणी रोज बदलते.

राजारामपुरी, शिक्षिका

ताई, आतल्या गोळ्याविषयी लिहिते. पूर्वी सगळे जण थर्माकोलचा तयार गोळा आणत असत. मार्च २०१८ मध्ये राज्य शासनाने प्लॅस्टिकबरोबर सजावटीच्या थर्माकोलवरही बंदी आणली, त्यानंतर मी तो सोडला आणि शाळेतल्या मुलांबरोबर वर्तमानपत्राचा गोळा करायला शिकले. कागद चुरगाळून मूठभर गोळा करायचा, सुतळीने आडवा-उभा आवळायचा आणि त्यावर मैद्याच्या खळीत बुडवलेल्या कागदी पट्ट्यांचे चार-पाच थर द्यायचे. प्रत्येक थर वाळल्याशिवाय पुढचा थर द्यायचा नाही, नाहीतर आत बुरशी धरते. काठीसाठी भोक गोळा अर्धवट ओला असतानाच पाडून ठेवावे. वाळल्यावर पाडायला गेले की गोळा चिरतो.

एक गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवावी, ही कळकळीची विनंती. पुस्तके बांधण्याच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालण्याची जुनी रीत आहे, पण मोरचूद विषारी असते. ज्या झाडावरचा खाऊ मुले तोडून खाणार आहेत, त्याच्या खळीत ते चिमूटभरसुद्धा पडता कामा नये.

शाहूपुरी, घरगुती व्यवसाय

माझा अनुभव हिशेबाचा आहे आणि तो थोडा सविस्तर लिहिते, कारण मी पहिली दोन वर्षे याच ठिकाणी चुकले.

दहा सेंटिमीटर व्यासाच्या गोळ्याला वेष्टनातल्या साध्या गोळ्या दाटीने लावल्या, तर साधारण ६० ते ६५ लागतात. एक रुपयाची गोळी धरली तर ६० रुपये, मातीची लहान कुंडी ३० रुपये, काठी १० रुपये, कागद-खळ-सुतळीचे २० रुपये आणि फीत व गोंद यांचे २० रुपये, असे मिळून १४० रुपये मला पडत होते. मी झाड १५० रुपयांना देत होते आणि वर दहा रुपये सुटतात म्हणून समाधानी होते. गोळा करणे, वाळवणे आणि एकेक गोळी चिकटवणे यांत तीन तास जातात, हे मी कधी मोजलेच नव्हते. माझ्या मोठ्या जाऊबाईंनी वहीत वेळेचा रकाना आखून दिला, तेव्हा डोळे उघडले. आता तेच झाड ३५० रुपयांना देते आणि घेणारे घेतात.

दुसरी चूक मोठ्या झाडांची होती. एका गिऱ्हाइकाने पंधरा सेंटिमीटरचा गोळा मागितला. व्यास दीडपट आहे, म्हणून मी किंमतही दीडपट सांगितली. पण गोळ्या लागतात त्या पृष्ठभागाच्या हिशेबाने, आणि व्यास दीडपट झाला की पृष्ठभाग सव्वादोनपट होतो. साठ गोळ्यांच्या जागी एकशे पस्तीस लागल्या आणि त्या झाडात पदरचे पैसे गेले. मोठे झाड वरून जड होते, त्यामुळे कुंडीही मोठी घ्यावी लागते, हे आणखी वेगळे.

घरून खाद्यपदार्थ विकायचे असतील तर अन्नसुरक्षेची (FSSAI) नोंदणी करून घ्यावी. मी २०२२ मध्ये केली, तेव्हा वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंतच्या उलाढालीसाठी मूलभूत नोंदणीचे शुल्क वर्षाला १०० रुपये होते.

कळंबा, बालरुग्ण विभागातील परिचारिका

बोरन्हाण पाच वर्षांखालील मुलांचे असते आणि झाडे नेमकी त्यासाठीच जास्त मागवली जातात, म्हणून हे लिहिणे मला आवश्यक वाटते. चार वर्षांखालील मुलाच्या हाती गोल, कडक गोळी देऊ नये. ती श्वासनलिकेत अडकू शकते. मी स्वतः पुतणीसाठी केलेल्या झाडावर चुरमुऱ्याचे लहान, मऊ लाडू पातळ कागदात बांधून लावले होते. तसेच गोळ्या टाचण्यांनी टोचून बसवण्याची पद्धत मुलांच्या झाडासाठी पूर्णपणे सोडून द्यावी. घाईत ओढलेल्या वेष्टनाबरोबर टाचणी मुलाच्या मुठीत येते.

मंगळवार पेठ

कुंडीत प्लॅस्टर ऑफ पॅरिस ओतले आणि रात्रीतून कुंडीला तडा गेला. प्लॅस्टर घट्ट होताना तापते आणि किंचित फुगते, हे नंतर समजले. आता कुंडीच्या आतून चुरगाळलेल्या कागदाचे जाड अस्तर देते आणि मगच ओतते. घाई नसेल तेव्हा नुसती वाळू आणि खडे ठासून भरते. त्यानेही काम भागते.

उत्तरेश्वर पेठ, हलव्याचे दागिने करणाऱ्या

माझे झाड गोळ्यांचे नव्हते, हलव्याचे होते, तरी ते या धाग्यात बसेल असे वाटते.

सासूबाईंकडून मी तिळाचा हलवा शिकले. परातीत तीळ घेऊन, खाली मंद आच ठेवून, एकतारी पाक चमच्याचमच्याने घालायचा आणि तळहाताने सतत फिरवत राहायचे. पहिल्या दिवशी तिळावर फक्त पांढरी साय आल्यासारखी दिसते. काटा फुटायला तीन-चार दिवस लागतात. हवा कोरडी आणि थंड असेल तरच काटा टोकदार येतो, म्हणून हे काम पौषातच चांगले होते. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला काळ्या चंद्रकळेवर हे दागिने घालतात. मागच्या संक्रांतीला एका मैत्रिणीच्या सुनेसाठी दागिन्यांसोबत झाडही करायचे ठरले. बारीक तारेच्या फांद्यांना काळा कागद गुंडाळला आणि प्रत्येक फांदीवर हलव्याचे सर सोडले. काळ्यावर पांढरे इतके उठून दिसले की समारंभात सगळ्या बायका त्या झाडापाशीच थांबत होत्या. मात्र सर ओवताना हलव्याचे काटे गळतात, म्हणून ओवणे परातीवरच करावे आणि सुई अगदी बारीक घ्यावी. माझे दोन सर केवळ जाड सुईमुळे वाया गेले.

करवीर तालुका, गुऱ्हाळघरातून

आमच्याकडे गुळाचे लहान चौकोनी तुकडे पाडतो. तेच मेणकागदात बांधून बहिणीच्या रुखवताला झाड केले होते. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याची चिठ्ठी तिने झाडाला बांधली आणि वऱ्हाडी मंडळींनी ती आवर्जून वाचली. गूळ हवेतला ओलावा ओढून घेतो, म्हणून कागदाची घडी दुहेरी घालावी लागते.

ताराबाई पार्क

चॉकलेटचे झाड उन्हाळ्यात करू नये, एवढेच सांगते. कोको बटर सुमारे ३४ अंशांना वितळते आणि एप्रिलमध्ये आपल्याकडे दुपारी त्याहून अधिक तापते. मेच्या पहिल्या आठवड्यातील लग्नात रुखवताच्या टेबलावरच्या चॉकलेटांनी आपापल्या चांद्यांमध्ये, म्हणजे चकचकीत वेष्टनांमध्ये, आकार सोडला होता. झाड शीतकपाटात ठेवून बाहेर काढले तर चॉकलेटवर पांढुरके डाग येतात, म्हणून तोही उपाय नव्हे.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. टाचण्यांच्या मुद्द्यावर माझी पद्धत लिहिते: गोळीच्या वेष्टनाला पीळ दिलेली दोन टोके असतात, त्यांपैकी एकाच टोकाला गोंदाचा थेंब लावून ते गोळ्यावर दाबते. गरम गोंद थेट गोळीखाली लावला तर आतली गोळी मऊ पडते; टोकाला लावला तर गोळी शाबूत राहते आणि मुलाने ओढली की अलगद सुटते. खालून वर गेले की वरची ओळ खालच्या ओळीची टोके झाकते.

पावसाळ्याविषयी अजून कोणी लिहिलेले नाही. जुलैत वर्तमानपत्राचा गोळा आठ-आठ दिवस ओला राहतो आणि उघड्या गोळ्यांची वेष्टने चिकट होतात. मी मे महिन्यातच वीस-पंचवीस गोळे करून, कडक उन्हात वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवते आणि दसऱ्याची मागणी त्यांतूनच भागवते. सोनेरी चांदीत गुंडाळलेल्या वड्या आपट्याच्या पानांबरोबर लावलेली ती झाडे नवरात्रात सर्वांत जास्त जातात. पावसाळ्यात गोळे वाळवण्याची याहून चांगली सोय कोणाकडे असेल, तर ती जरूर लिहावी. येत्या रविवारी सकाळी मी बापट कॅम्पला कुंड्या आणायला जाणार आहे. ज्यांना दहा सेंटिमीटरच्या गोळ्याला बसणारी कुंडी हवी असेल, त्यांनी शनिवारी संध्याकाळपर्यंत इथे संख्या कळवावी.