लिनक्स फुकट देऊन या लोकांना परवडतं कसं?

चौकस_सिन्नरकर
जुना लॅपटॉप आहे, विंडोज ११ त्यावर चढत नाही आणि १० चा सपोर्ट गेल्या ऑक्टोबरात (२०२५) बंद झाला म्हणून भाच्याने उबुंटू २४.०४ (हे लिनक्सच) टाकून दिलं. झकास चालतंय, तक्रार काहीच नाही, पण लायसन्स नाही, पैसे नाहीत, जाहिराती नाहीत आणि वर अपडेट चालूच, मग ही मंडळी खातात काय? माझा डेटा तर विकत नाहीत ना? जाणकारांनी सांगा, जरा सोप्यात.

रात्रपाळी
काका, तुमच्या लॅपटॉपमधून त्यांना छदाम मिळत नाही, आणि तो मिळेल असं त्यांनी धरलेलंही नाही. पैसा आहे सर्व्हरवर. मी डेटा सेंटरला आहे, आमच्याकडे रेड हॅट कंपनीचं लिनक्स आहे आणि त्याची सबस्क्रिप्शन दरवर्षी भरावी लागते. आता तुम्ही म्हणाल, सोर्स कोड (प्रोग्रामचा मूळ मजकूर) उघडा आहे तर भरता कशाला? तर रात्री दोनला सर्व्हर बसला की फोन उचलणारा कुणीतरी पाहिजे, ऑडिटवाला येऊन विचारतो सिक्युरिटी पॅच कोण देतंय, त्याला नाव सांगावं लागतं, शिवाय एसएपीसारख्या ऑफिसचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्या सांगतात की आम्ही सर्टिफाय केलेल्या व्हर्जनवरच टाका नाहीतर आमच्याकडे येऊ नका. रेड हॅट एकेक मोठं व्हर्जन १० वर्षं सांभाळतं, म्हणजे आजचा भोक पडलेला कोड दुरुस्त करून आठ वर्षं जुन्या व्हर्जनमध्ये मागे नेऊन बसवायचा. हे किचकट आणि कंटाळवाणं काम कुणी हौसेने करत नाही, त्याचेच पैसे. २०१२ मध्ये त्यांचं वर्षाचं उत्पन्न १०० कोटी डॉलरच्या पुढे गेलं होतं आणि २०१९ मध्ये आयबीएमने अख्खी कंपनी ३४०० कोटी डॉलरला घेतली. आता बोला फुकट!

टर्मिनल_तात्या
वरचं बरोबर, पण काकांचं उबुंटू आहे, त्याची गोष्ट वेगळी. ते कॅनॉनिकल कंपनीचं. मार्क शटलवर्थ नावाचा दक्षिण आफ्रिकेचा माणूस, १९९९ मध्ये थॉट ही कंपनी व्हेरिसाइनला विकून गडगंज झाला, २००२ मध्ये स्वतःच्या खर्चाने अंतराळात जाऊन आला आणि २००४ मध्ये उबुंटू काढलं. सुरुवातीला खिशातलाच पैसा घालत होता, सीडी सुद्धा जगभर पोस्टाने फुकट पाठवायचे, आमच्या कॉलेजात पोरं गठ्ठेच्या गठ्ठे मागवायची आणि निम्म्या टेबलावर चहाचा कप ठेवायला जायच्या. आता कमाई कंपन्यांना सपोर्ट आणि उबुंटू प्रो (जास्त वर्षं सिक्युरिटी अपडेट) विकून. प्रो घरच्या माणसाला ५ मशीनपर्यंत फुकट आहे.

शंकासुर_२
डेटाबद्दल कुणी बोललंच नाही. २०१२ साली उबुंटू १२.१० मध्ये डेस्कटॉपवर स्वतःची फाइल शोधायला गेलं तरी अमेझॉनची सजेशन्स यायची, कारण टाइप केलेलं कॅनॉनिकलच्या सर्व्हरवर जायचं, आणि कुणी काही विकत घेतलं तर यांना कमिशन. बोंबाबोंब झाली, मुक्त सॉफ्टवेअर चळवळीच्या रिचर्ड स्टॉलमनने तर सरळ स्पायवेअर म्हटलं. १६.०४ पासून ते बाय डीफॉल्ट बंद केलं. म्हणजे साधुसंत कुणी नाही, फक्त सोर्स उघडा असल्याने आणि लोक नाक खुपसत असल्याने चोरी पचत नाही एवढंच.
आणि रेड हॅटचं पण फार कौतुक नको. त्यांच्या लिनक्सचंच फुकट रूप म्हणजे सेंटॉस, त्याच्या ८ चा सपोर्ट २०२९ पर्यंत सांगितलेला, डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केलं की २०२१ अखेरीस बंद. ज्यांनी सर्व्हर बांधून बसवले होते ते बसले कपाळाला हात लावून. त्यातूनच रॉकी आणि अल्मा ही फुकट लिनक्स निघाली.

चौकस_सिन्नरकर
हे भारी आहे. पण मिंट, डेबियन वगैरे दुसऱ्या लिनक्सच्या मागे तर कंपनीच नाही म्हणे, ते कसं?

रात्रपाळी
मिंट देणग्या आणि स्पॉन्सरवर, डेबियन १९९३ पासून स्वयंसेवकांवर. पण दोघांच्या पोटात कर्नल (लिनक्सचा गाभा) तोच, आणि त्यातलं बहुतेक काम पगारी लोक करतात, इंटेल, गुगल, रेड हॅट, एएमडी यांचे. इंटेल का पगार देतं? नवीन चिप बाजारात आली आणि त्या दिवशी लिनक्सवर नीट चालली नाही तर डेटा सेंटरवाले घेणार कशाला. मायक्रोसॉफ्ट सुद्धा २०१६ पासून लिनक्स फाउंडेशनचं मेंबर आहे, त्यांच्या अझूर क्लाउडवर लिनक्सच जास्त चालतं. प्रत्येकाने स्वतःची वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम लिहिण्यापेक्षा एकच सगळ्यांनी मिळून लिहिलेली स्वस्त पडते, म्हणून बाजारात एकमेकांचे गळे धरणारे इथे एकाच फाइलमध्ये कोड टाकतात. शिवाय जीपीएल लायसन्स आहे, बदल केलेलं दुसऱ्याला दिलंत तर त्याला सोर्सही द्यावाच लागतो, त्यामुळे एकाने गिळून टाकायची सोय नाही.
अँड्रॉइड पण त्याच कर्नलवर, तिथे गुगल प्ले स्टोअरच्या कमिशनवर आणि सर्चमधल्या जाहिरातींवर कमावतं.

मगरपट्टा_लोकल
पुण्यात तर यावर क्लासवाल्यांचं पण पोट चालतं, आरएचसीएसए या रेड हॅटच्या परीक्षेचे बोर्ड कुठेही बघा. परीक्षेची फी रेड हॅटलाच जाते बरं का, ती फुकट नाही 😄 बाकी लिनक्सवर मराठीसाठी जो लोहित फॉन्ट येतो तो पण रेड हॅटनेच खुला केलेला.

चौकस_सिन्नरकर
बरं, मग मी ते उबुंटू प्रो चालू करू का?

टर्मिनल_तात्या
घाई नाही. २४.०४ चे नेहमीचे अपडेट २०२९ पर्यंत येतील, प्रो घेतलं तर अजून पाच वर्षं. तोवर लॅपटॉपची बॅटरी टिकते का ते बघा आधी.